शिसवी पाठीची गिटार

अंबाजोगाईच्या आमच्या सुतारकाकांनी माझी गिटार उलटी धरली, पाठीवर टिचकी मारली आन् म्हणाले, "हे तर वाड्यातल्या पलंगाचं लाकूड. एवढं पातळ कसं काढलं बाबा?" अडीच मिलिमीटरच्या आसपास असते ती फळी. जांभळट-तपकिरी, मधूनच काळी रेघ.

पूर्वी गिटारवाले ब्राझीलच्या शिसवावर जीव टाकायचे. ते मिळेनासं झालं तेव्हा, १९६९ च्या सुमारास, अमेरिकेच्या मार्टिन कंपनीनं आपल्या भारतीय शिसवाकडे मोर्चा वळवला. १९९२ मध्ये तर ब्राझीलच्या जातीचा आंतरराष्ट्रीय व्यापारच जवळजवळ बंद झाला. आपलं शिसव पश्चिम घाटातलं, जड आणि तेलकट. खर्ज भरदार लागतो, सूर रेंगाळतो. (माझ्या मते निम्मं श्रेय पुढच्या, स्प्रूस नावाच्या लाकडाच्या फळीचं, पण दुकानदाराला हे सांगून बघा!)

आपल्याकडे खरी भीती एप्रिल-मेची. लाकडाला पन्नास टक्क्यांच्या आसपास आर्द्रता मानवते. इथं दुपारी हवा पापडासारखी कोरडी. कूलर लावला की दमट, लाइट गेली की पुन्हा कोरडी. या हिसक्यांनी फळी तडकते. म्हणून गिटार पेटीतच, सोबत भोकं असलेल्या साबणाच्या डबीत ओला, घट्ट पिळलेला स्पंज.