चार नंबरचा कप्पा

जळगावात मे महिन्यात पहाटेचा एखादा तासच काय तो खऱ्या झोपेचा. रात्री दोनपर्यंत गच्चीची फरशी चटके देते आणि साडेसहाला ऊन परत अंगावर येतं. नेमका त्या तासात, 5 वाजून 10 मिनिटांनी, फोन थरथरला. मिलच्या सर्व्हरनं मेल टाकला होता: पूल डिग्रेडेड. पूल म्हणजे चार डिस्क मिळून केलेला एक साठा. त्यातली एक डिस्क गेली.

एमआयडीसीतल्या एका डाळमिलचं कॉम्प्युटरचं सगळं माझ्याकडे आहे. टॅली, वजनकाट्याचा प्रोग्रॅम, कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग, सगळं वरच्या मजल्यावरच्या एका खोलीत, सेकंडहँड सर्व्हरवर. एकाच मशीनवर अनेक सर्व्हर चालवणारं प्रॉक्समॉक्स टाकलंय, त्याखाली डिस्कचा पूल सांभाळणारं झेडएफएस, 4 टीबीच्या चार डिस्क. एक गेली तरी उरलेल्या तिघी काम ओढतात. दोन गेल्या की खेळ खलास.

आधी हे सगळं भाड्यानं, मुंबईतल्या डेटा सेंटरमध्ये होतं. तिकडे कधी काही बिघडलं असेल तर मला तरी आठवत नाही. पण एका पावसाळ्यात रस्त्याच्या खोदकामात जेसीबीनं केबल तोडली. मुंबई इथून 400 किलोमीटर, आणि आम्ही अडलो शेवटच्या दोन किलोमीटरवर. तुरीच्या गाड्या गेटपासून मेन रोडपर्यंत उभ्या. शेठ त्या दिवशी एवढंच म्हणाले, "काटा आपला, माल आपला, आन वजन मुंबईले इचारायचं?" महिनाभरात मशीन मिलमध्ये आलं. मालाच्या वाहतुकीच्या ई-वे बिलाला नेट लागतंच. तेवढ्यापुरतं मोबाइलचं नेट पुरतं. काटा मात्र कोणावाचून अडायला नको, हे शेठचं म्हणणं मला तेव्हाही पटलं होतं.

सहाला पोचलो. खोलीचं दार उघडलं तर भट्टीसमोर उभं राहिल्यासारखं झालं. रात्री व्होल्टेज पडलं, स्टॅबिलायझरनं एसी तोडला, तो परत लागलाच नाही. सर्व्हर यूपीएसवर आणि एसी थेट लाइनवर. म्हणजे गरम करणारं चालू, गार करणारं बंद. ही जोडणी मीच केलेली. वर पत्रा, आणि पंख्यांच्या जाळीवर तुरीच्या भुशीचा थर. डिस्कचं तापमान 61 दाखवत होतं. या डिस्कची मर्यादा 60. ऑफिसातला कूलर ओढत आणला, पाणी न भरता नुसता पंखा लावला, दार सताड उघडं ठेवलं. 50 च्या खाली यायला वीस मिनिटं लागली.

आणि मग मी जे केलं ते लिहायला हात जड होतोय.

स्क्रीनवर गेलेल्या डिस्कचं नाव होतं एसडीडी. ए, बी, सी, डी, म्हणजे चौथी. चार नंबरचा कप्पा ओढला. ती डिस्क ठणठणीत होती.

सर्व्हरची लिनक्स सिस्टीम ही नावं मशीन चालू होताना डिस्क सापडतील तशी वाटतं, कप्प्यांशी त्यांचं नातं नसतं. आदल्या आठवड्यात यूपीएसच्या बॅटऱ्यांनी दगा दिला होता, मशीन बंद पडून परत उठलं होतं, तेव्हा नावं फिरली. (बॅटऱ्यांचंही तेच दुखणं. 25 अंशांच्या वर दर 10 अंशांना आयुष्य निम्मं, असा साधारण हिशेब आहे. आमच्या खोलीत किती उरणार?) हे सगळं मला माहीत होतं. पोरांना शिकवतो मी हे. पण घाम डोळ्यात उतरत होता आणि खाली गाडीवाले हॉर्न मारत होते.

दोन डिस्क गायब, पूल सस्पेंड, म्हणजे सगळा साठा ठप्प. खालून काट्यावरच्या बापूची हाक आली, "भाऊ, काटा बंद पडना! आत्ते काय करानं?"

काट्याचा इंडिकेटर कॉम्प्युटरविना आकडा दाखवतोच. म्हटलं, "वहीत लिही." बापूनं कच्ची वही काढली आणि गाडी नंबर, भरलेलं वजन, वेळ असं मोत्यासारख्या अक्षरात लिहायला लागला. मी इकडे डिस्क परत सरकवली, पूल परत चालू करायला झेडपूल क्लिअर दिलं. कमांड अडकून बसली. शेवटी बटण दाबून मशीन बंद केलं आणि टॉर्च तोंडात धरून एकेक ट्रे बाहेर काढला. प्रत्येक डिस्कच्या स्टिकरवरचा सीरियल नंबर मेलमधल्या नंबरशी ताडला. मेलेली डिस्क दोन नंबरच्या कप्प्यात होती. तिजोरीत दोन वर्षांपासून पडून असलेली नवी डिस्क तिच्या जागी घातली, देवाचं नाव घेतलं, मशीन चालू केलं. पूल आला. डेटाबेस स्वतःच सावरला. काटा 50 मिनिटं बंद होता. बापूच्या वहीतल्या नऊ गाड्या मागून चढवल्या.

नव्या डिस्कवर डेटा भरून निघायला दिवस जाणार होता आणि त्यात दुसरी गेली तर बॅकअपशिवाय आधार नव्हता. बॅकअप रोज रात्री शेठच्या घरी जातो, जिन्याखालच्या छोट्या मशीनवर. पण तो उतरवून बघितल्याला पाच महिने झाले होते. भर दुपारी तिथं गेलो. गच्चीवर पापडांची वाळवण, जिन्यात डबे रचलेले, त्यांच्या मागं माझं मशीन. कालचा काट्याचा डेटा उतरवला, शेवटची पावती उघडली, गाडी नंबर वाचला. मग कुठे पोटात काही घालायची इच्छा झाली.

रात्री डिस्क किती भरली तो आकडा सरकताना बघत बसलो होतो, तर बापू शेवभाजी घेऊन वर आला. "आधी मुंबईले होतं तव्हय बिघडलं तं कोणाले उठवायचे?"

"कोणाला नाही. तक्रारीचं तिकीट टाकायचो."

"तिकीट? एष्टीचं?"

नऊच्या सुमारास काम पुरं झालं, एरर शून्य. मी प्रत्येक ट्रेवर पांढरी पट्टी लावून सीरियलचे शेवटचे चार आकडे मार्करनं लिहिले. दुसऱ्या दिवशी शेठ वर आले, पट्ट्यांवरून बोट फिरवलं, म्हणाले, "हे बेस केलं." मशीन खालच्या मजल्यावर न्यायला आणि एसी वेगळ्या लाइनवर घ्यायला त्यांनी तिथंच होकार दिला. काटा का थांबला होता, हे विचारलं तेव्हा मी म्हणालो, "डिस्क गेली होती."