आधी ग्यिरोकास्तर, मग टिराना: एन्व्हर होजाच्या अल्बानियात आठ दिवस

अल्बानियाला जाणारे बरेच जण टिरानात उतरतात, एखादा बंकर बघतात आणि समुद्राकडे वळतात. आम्ही दोघांनी मे महिन्यात उलटा क्रम धरला. टिरानात पोचल्यावर थेट दक्षिणेची बस पकडून ग्यिरोकास्तरला गेलो, तिथे तीन रात्री राहिलो आणि मग राजधानीत परतलो. एन्व्हर होजा या कम्युनिस्ट हुकूमशहाने 1944 पासून 1985 साली मरेपर्यंत या देशावर राज्य केलं. तो वर कसा चढला हे आधी आणि वर बसून त्याने काय केलं हे नंतर बघितलं, की गोष्ट नीट उलगडते. तुम्हीही हाच क्रम धरा.

बसला चारएक तास लागतात. भाडं रोख द्यायचं, लेक या अल्बानियाच्या चलनात, म्हणून निघण्यापूर्वी थोडी सुटी रक्कम काढून ठेवा. गाव डोंगरउतारावर आहे आणि रस्त्यांपासून छपरांपर्यंत सगळीकडे दगड. पावसात हे दगड तेल ओतल्यासारखे निसरडे होतात. चांगल्या पकडीचे बूट नसतील तर जुन्या बाजारातला चढ नको वाटेल. चाकांची बॅग तर आणूच नका.

होजा 1908 साली इथेच जन्मला. त्याच्या घराच्या जागी आज वांशिक संग्रहालय आहे. मूळ घर जळालं होतं, आजची वास्तू 1960 च्या दशकात पुन्हा उभी केलेली. आत गालिचे, तांब्याची भांडी, पाहुण्यांच्या बैठका असं सगळं जुन्या सधन घरासारखं मांडलंय. ज्याच्यामुळे हे घर पुन्हा बांधलं गेलं त्याच्याबद्दल मात्र फारसं काही नाही. म्हणून जाण्याआधी थोडं वाचून जा, नाहीतर भांडी बघून बाहेर याल.

आम्ही वाचून गेलो होतो, त्यामुळे त्या ओसरीत बराच वेळ बसून राहिलो. मध्यमवर्गीय मुस्लिम घरातला मुलगा. सरकारी शिष्यवृत्तीवर फ्रान्सला माँपेलियेला गेला, पदवी न घेता परतला आणि कोर्चाच्या फ्रेंच शाळेत शिकवू लागला. 1939 मध्ये इटलीने देश गिळला. त्याची नोकरी गेली आणि त्याने टिरानात ‘फ्लोरा’ नावाचं तंबाखूचं दुकान टाकलं. गुप्त बैठकी तिथेच होत. नोव्हेंबर 1941 मध्ये कम्युनिस्टांचे विखुरलेले गट युगोस्लाव्ह दूतांच्या मदतीने एकत्र आले आणि पक्ष स्थापन झाला. होजा काही त्यातला सर्वांत जुना किंवा सर्वांत मोठा कम्युनिस्ट नव्हता. पण कोण कधी निरुपयोगी होतो हे त्याला इतरांच्या आधी कळायचं. मला तरी त्याच्या चढाईचं मर्म यातच दिसतं. 1948 मध्ये स्टालिन आणि युगोस्लाव्हियाचा नेता टिटो यांचं फाटलं, तेव्हा त्याने एका रात्रीत टिटोची बाजू सोडली. पक्षातला त्याचा प्रतिस्पर्धी कोची झोझे टिटोचा माणूस मानला जायचा, त्याला पुढच्याच वर्षी मृत्युदंड झाला. 1961 मध्ये सोव्हिएत संघाशी फारकत झाली, 1978 मध्ये चीनशी. दर वेळी जुन्या मित्राशी जवळीक असलेले देशातले लोक संपवले गेले. मेहमेत शेहू 27 वर्षं पंतप्रधान होता. डिसेंबर 1981 मध्ये तो मृत सापडला. आत्महत्या असं जाहीर झालं, आणि पाठोपाठ तो परक्यांचा हेर ठरवला गेला.

किल्ल्याला एक सकाळ द्या. अंगणात अमेरिकी हवाई दलाचं एक विमान गंजत पडलंय. ते 1957 मध्ये अल्बानियात उतरलं आणि हेरविमान म्हणून लोकांना दाखवलं गेलं. किल्ल्याखाली शीतयुद्धातला बोगदा आहे, 80 खोल्यांचा. तो वाटाड्याबरोबरच बघता येतो.

आम्ही ज्यांच्या घरी उतरलो त्या बाई साठीच्या. पहिल्या दिवशी त्यांनी होजाची बाजूच मांडली: निरक्षरता गेली, दलदली आटवून मलेरिया हटवला, 1970 पर्यंत गावोगावी वीज आली. हे खरं आहे आणि ते नाकारू नये. तिसऱ्या दिवशी न्याहारीला, चुलीवरून नुकताच उतरवलेला पालक भरलेला पापुद्र्यांचा ब्युरेक पुढे ठेवता ठेवता, त्यांनी ‘बिओग्राफी’ हा शब्द उच्चारला. अल्बानियात त्या शब्दाला वेगळाच अर्थ चिकटलाय. घरातला एखादा काका पळून गेला किंवा तुरुंगात गेला, की साऱ्या कुटुंबाची बिओग्राफी खराब. मग मुलांना विद्यापीठ नाही, बरी नोकरी नाही, आणि सोयरीक करायलाही कोणी पुढे येत नाही. त्यांच्या सासऱ्यांच्या भावामुळे नवऱ्याचं शिक्षण थांबलं होतं. आता गुप्त पोलिसांच्या फायली मागता येतात, पण नवरा अर्ज करत नाही. का, ते टिरानाला गेल्यावर कळलं.

टिरानात ‘पानांचं घर’ हे संग्रहालय चुकवू नका. वेलींनी झाकलेली ही दुमजली इमारत मुळात प्रसूतिगृह होती, जर्मनांच्या काळात गेस्टापोकडे गेली आणि नंतर सिगुरिमी या गुप्त पोलिसांचं टेहळणीचं केंद्र झाली. भिंतीत बसवायचे मायक्रोफोन, ध्वनिमुद्रणाची यंत्रं, पत्रं उघडण्याची साधनं. खबरी कोण होते? शेजारी, सहकारी, कधी नातलग. फाईल उघडायची म्हणजे ती नावं वाचायची. त्या बाईंच्या नवऱ्याचं मन मला इथे समजलं. निवांत दोन तास ठेवा. हिवाळ्यात जाणार असाल तर सोमवारी उघडं आहे का ते आधी बघा.

बंकरांचं कौतुक फार होतं. सगळीकडे पेरलेले हे काँक्रीटचे घुमट पावणेदोन लाखांच्या आसपास होते असं सांगतात. ज्या शत्रूसाठी ते बांधले तो कधी आलाच नाही, आणि लोक मात्र घरांसाठी तरसत राहिले. ‘बंकआर्ट 1’ हे बंकरातलं संग्रहालय शहराबाहेर दायती डोंगराच्या रोपवेजवळ आहे. पाच मजले, शंभराहून जास्त खोल्या. पोर्सेलानकडे जाणारी शहर बस घ्या, तिकीट बसमध्येच मिळतं. आत मेमध्येही थंडी वाजते, स्वेटर न्या. वेळ कमी असेल तर शहरातलं ‘बंकआर्ट 2’ बघा. तिथे मारल्या गेलेल्यांची नावं आहेत. एकूण सुमारे 6,000 जणांना मृत्युदंड झाला. धर्मावर 1967 मध्ये सरसकट बंदी आली. एका बाळाचा बाप्तिस्मा केला म्हणून एका कॅथलिक पाद्र्याला गोळ्या घातल्या गेल्या.

भारतातून गेलेल्यांनी एक लक्षात ठेवावं. विमानतळाला मदर तेरेसांचं नाव आहे, त्या अल्बानियन वंशाच्या. त्यांची आई द्राने आणि बहीण टिरानात राहत. आईला एकदा भेटता यावं म्हणून त्यांनी जिवाचं रान केलं, पण परवानगी मिळाली नाही. आई 1972 मध्ये गेली. मदर टिरानात पोचल्या त्या 1989 साली, आणि तेव्हा त्यांनी होजाच्या समाधीवरही फुलं वाहिली. हे मला पचत नाही. अजूनही मनात घोळतंय.

ती समाधी आता तिथे नाही. 1992 मध्ये त्याचे अवशेष हलवून शार्राच्या सार्वजनिक दफनभूमीत नेले. त्याच्यासाठी 1988 मध्ये उभारलेल्या पिरॅमिडवर आज पायऱ्या चढून जाता येतं आणि आत मुलांना तंत्रज्ञान शिकवतात. संध्याकाळी जा.

शाकाहारी असाल तर ब्युरेक, फेर्गेस (ढोबळी मिरची, टोमॅटो, पनीर) आणि भाज्यांवर निभतं. क्विफ्ची हे ग्यिरोकास्तरचे भाताचे गोळे चविष्ट, पण त्यात अंडं असतं. वैध आणि आधी वापरलेला अनेक प्रवेशांचा शेंगेन व्हिसा होता, म्हणून आम्हाला वेगळा व्हिसा लागला नाही. नियम बदलतात, निघण्यापूर्वी तपासा.

स्पाच राहून गेलं. डोंगरातली ही तुरुंगछावणी, तिथल्या खाणीत राजकीय कैदी तांबं आणि पायराइट काढत. मे 1973 मध्ये तिथे बंड झालं आणि कैद्यांनी कम्युनिस्ट तारा नसलेला राष्ट्रीय झेंडा फडकवला. चौघांना गोळ्या घातल्या. तिथे जायला स्वतंत्र गाडी आणि रस्ता माहीत असलेला माणूस हवा, इमारती पडक्या आहेत. आम्ही त्याची सोय आधी केली नव्हती आणि ऐन वेळी गाडी मिळाली नाही. तुम्ही टिरानात पहिल्याच दिवशी चौकशी करून ठेवा.