पत्र्याखालचे रेनकोट

"रेनकोट घ्यायला सोलापूरला कोण येतं गं?" आत्यानं दार उघडता उघडताच विचारलं. पुण्याहून हुतात्मा एक्सप्रेसनं मी रात्री दहाच्या पुढं पोचले होते. जूनचा पहिला आठवडा, आणि फाटकाची कडी अजून हाताला कोमट लागत होती.

माझा हिशेब मी तिला जेवताना सांगितला. मला जुने रेनकोट जमवायचा नाद आहे. दुकानात मिळतात ते सळसळणारे प्लॅस्टिकचे नव्हेत, सुती कापडाला आतून रबर चढवलेले, वजनदार, आमच्या आजोबांच्या पिढीनं घातलेले. असे कोट पुण्यामुंबईत धड मिळत नाहीत, कोकणात तर नाहीच नाही. तिथं कोट चार महिने खिळ्यावर ओला लटकतो, बुरशी धरतो, शिवणीत उसवतो आणि शेवटी सायकलच्या सीटवर नाहीतर गोठ्याच्या खिडकीवर जातो. सोलापूरला वर्षाकाठी पाऊस पडतो साडेपाचशे ते सातशे मिलिमीटर. त्यातलाही मोठा वाटा सप्टेंबरमध्ये, परतीच्या वाटेवर. म्हणजे इथं ज्यानं हौसेनं रेनकोट घेतला, त्यानं तो वर्षातून फार तर दहा वेळा घातला असणार. पन्नास वर्षांचा कोट इथं पाच वर्षांचा दिसायला हवा.

आत्यानं शेंगाची पोळी ताटात वाढली आणि म्हणाली, "बघ बाई." तिचं सगळं आयुष्य सोलापुरात गेलंय. त्या दोन शब्दांत काय होतं ते मला दुसऱ्या दिवशी दुपारी कळलं.

सकाळी चुरमुऱ्यांचा सुशीला खाऊन रिक्षानं विजापूर वेशीकडे गेले. रमजानमध्ये मीना बाजार भरतो तो हा भाग. तेव्हा पाय ठेवायला जागा नसते, आता मात्र अकरा वाजताच लोक सावलीची कड धरून चालत होते. मुख्य रस्ता सोडून आतल्या गल्ल्यांमध्ये शिरलं की वापरलेल्या कपड्यांची दुकानं लागतात. दुकानं म्हणजे एक दार, वर माळा, त्याच्यावर पत्रा.

जुन्या कपड्यांचा प्रवास ठरलेला आहे. बोहारीण दारावर येते, चार साड्या आणि दोन पँटींवर स्टीलचं पातेलं देते (आई अजून म्हणते की त्या बाईनं आपल्याला एका वाटीत फसवलं). मग माल निवडला जातो. बरे कपडे धुऊन, इस्त्री करून पुन्हा विकायला. त्याखालचे सुती कपडे फाडून गॅरेजवाल्यांना पुसायला. रेनकोट यातल्या कुठल्याच ढिगात बसत नाही. तो इस्त्री करता येत नाही आणि त्यानं तेल पुसलं जात नाही. मग तो माळ्यावर जातो आणि तिथंच राहतो. माझी सगळी आशा त्या माळ्यांवर होती.

"काय हुडकायलाव, अक्का?"

"जुना रेनकोट आहे का, मामा?"

"नवा घ्या की. पाचशेत येतंय, टोपीसकट."

जुनाच हवा, जितका जुना तितका बरा, असं सांगितल्यावर त्यांनी माझ्याकडं नीट पाहिलं आणि आत हाक मारली, "वर चढ बे, ते काळं गठुडं काढ."

पोरगं वर चढलं आणि लगेच हाश्हुश् करत खाली आलं. वर भट्टी होती. गठुडं सोडलं. वरचे तीन-चार कोट प्लॅस्टिकचे, एकमेकांना बिलगलेले. पीव्हीसी मऊ राहावं म्हणून त्यात तेलासारखं द्रव्य घालतात, ते उष्णतेनं बाहेर येतं. मग कोट वरून चिकट होतो आणि आतून कडक. त्यांच्याखाली मला हवा होता तो होता. खाकी, सुती, आतून काळा, पाठीवर दुहेरी झालर. मी घडी उलगडली. चर्रर्र आवाज झाला. एका बाजूचं काळं रबर दुसऱ्या बाजूच्या कापडावर राहिलं आणि माझी दहाही बोटं डांबर लावल्यासारखी झाली.

खरं तर हा रोग या कोटाच्या जन्मापासूनचा. ग्लासगोच्या चार्ल्स मॅकिंटॉशनं 1823 मध्ये नॅफ्थ्यात रबर विरघळवून ते कापडाच्या दोन थरांमध्ये घालायचं पेटंट घेतलं. इंग्रजीत रेनकोटाला अजून त्याच्या नावानं ओळखतात. पण ते सुरुवातीचे कोट थंडीत पुठ्ठ्यासारखे ताठ व्हायचे आणि उन्हात पाघळायचे. रबर गंधकाबरोबर तापवून टिकाऊ करायची युक्ती पुढं आली, अमेरिकेत चार्ल्स गुडइयरनं 1844 मध्ये तिचं पेटंट घेतलं. त्यानं पाघळणं थांबलं, पण म्हातारपण थांबलं नाही. हवा आणि उष्णता मिळून रबर हळूहळू खातातच, आणि उष्णता जितकी जास्त तितकं भराभर. सोलापूरचा मे चव्वेचाळीस अंशांवर जातो. पत्र्याखालच्या माळ्यावर किती होत असेल ते त्या पोराला विचारा. मी पावसाचा हिशेब केला होता, उन्हाचा राहिला होता.

पुढच्या तीन दुकानांत हेच. एका ठिकाणी तर कोट म्हणून नुसती वडी निघाली.

रॉकेलच्या बोळ्यानं हात पुसत चहाच्या टपरीवर बसले. शेजारी मंगळवेढ्याकडचे एक धनगर मामा होते, त्या रणरणत्या उन्हात खांद्यावर काळी घोंगडी. माझी कहाणी ऐकून ते पोटभर हसले. मग उठून उभे राहिले, घोंगडीची दोन टोकं धरून दुमड घातली आणि डोक्यावर खोळ चढवली. "ह्ये बगा. ह्येला ना बटन, ना रबर."

बरोबरच होतं त्यांचं. दख्खनी मेंढीच्या जाड लोकरीची सनगरानं विणलेली, चिंचोक्याची खळ दिलेली घोंगडी. लोकरीतल्या तेलकटपणानं पाणी वरून ओघळतं, आणि मुरलंच तरी आत ऊब राहते. रात्री तीच अंथरायची, तीच पांघरायची. सोलापूरचा पिढीजात रेनकोट हाच, आणि तो माळ्यावर पडत नाही, खांद्यावर असतो. मी किंमत विचारली. "इकायची न्हाई," म्हणाले. मलाही विचारल्यावर जरा लाजच वाटली.

त्यांच्याच एका वाक्यानं गाडी रुळावर आली. ते सहज बोलून गेले की पत्र्यात ठेवलं तर लोकरही करपते, माळवदात ठेवावं.

माळवद! जुन्या सोलापूरची घरं तशीच तर आहेत. लाकडी तुळया, त्यावर फळ्या, त्यावर हातभर पांढऱ्या मातीचा थर. बाहेर आग ओतत असली तरी आत माठ ठेवल्यासारखं गार. आत्याला फोन केला. तिनं तिच्या शिवणकामवालीला विचारलं, त्या बाईनं आणखी कुणाला तरी, आणि चार वाजता मी साखर पेठेत एका अशाच घरासमोर उभी होते. यंत्रमागांचा खटखटाट एका लयीत चालू होता. पूर्व भागातली ही वस्ती बरीचशी तेलुगू बोलणाऱ्या पद्मशाली विणकरांची. घरातल्या आजी पुढच्या खोलीत जुने कपडे विकतात. नातीशी तेलुगूत, माझ्याशी मराठीत आणि दारातल्या भाजीवाल्याशी कानडीत, असा त्यांचा एकाच दमात कारभार चालला होता.

लाकडी पेटी उघडली. कडुनिंबाचा वाळका पाला, त्याखाली जुनी सोलापुरी चादर, आणि तिच्या आत गुंडाळलेला कोट.

आधी वास घ्यायचा. आंबूस आला तर हात लावू नये. हा नुसता सायकलच्या ट्यूबसारखा होता. मग आतली बाजू चिमटीत धरून सोडायची. भेग पडली नाही, बोटं चिकटली नाहीत, उलट पांढरी झाली. कुणीतरी आत शंखजिरं मारलं होतं. ज्यानं कोट ठेवला त्याला कळत होतं. शिवणींवरच्या पट्ट्या शाबूत. काखेत हवेसाठी पाडलेली भोकं शाबूत. टिचबटणं मात्र पितळी, हिरवी पडलेली, आणि त्यांच्याभोवती रबराला बारीक चिरा. तांबं रबराचा वैरी, आणि पितळेत तांबंच असतं. खिसे उलटे केले. (लोकांना वाटतं जुन्या कोटाच्या खिशात चिठ्ठी सापडते. मला आजवर झुरळाची अंडीच सापडली आहेत.) इथं शेंगांची टरफलं निघाली.

कॉलरच्या लेबलावर 'कलकत्ता' एवढंच वाचता आलं. डकबॅकचा असावा असा माझा कयास. सुरेंद्रमोहन बोस यांनी 1920 मध्ये कलकत्त्यात काढलेली ही कंपनी, विलायती मालाला देशी पर्याय म्हणून सुरू झालेली.

"कुणाचा होता, आजी?"

"रेल्वेतल्या एका सायबाचा. बायकोनं दिला, ते गेल्यावर. आठशे द्या."

"चारशे."

"पेटीतनं काढायचेच दोनशे झाले."

साडेपाचशेला ठरलं. आजींनी चादर काढून घेतली, ती विकायची नव्हती.

अशा कोटाची घडी घालायची नसते, घडीवरच तो फुटतो. आत्याचा लाकडी हँगर मागून घेतला आणि दुसऱ्या दिवशी पहाटे हुतात्मा एक्सप्रेसला खिडकीशेजारच्या खुंटीवर कोट लटकवला. मोहोळ येईपर्यंत गाडीच्या हेलकाव्यांनी शंखजिरं शेजारच्या गृहस्थांच्या काळ्या पँटवर पडलं होतं. मी माफी मागितली. ते झटकत राहिले, काही बोलले नाहीत.

समोर कॉलेजची दोन पोरं होती. एकानं कोटाकडं पाहिलं, खिडकीबाहेरच्या कोरड्या ठक्क शिवाराकडं पाहिलं आणि दुसऱ्याला हळूच म्हणाला, "पुण्यात पाऊस लागलाय काय बे?"