ताठरतेसाठी शॉकवेव्ह उपचार : माझा अनुभव

माझा मधुमेह जुना आहे आणि लिंगाची ताठरता टिकत नसल्याची तक्रार त्यामागोमाग आली. सिल्डेनाफिलच्या गोळीने सुरुवातीला चांगला गुण आला, पण पुढे तोही ओसरू लागला, तेव्हा मी ज्यांना ‘रीजनरेटिव्ह’, म्हणजे ऊती नव्याने घडवणारे, म्हणतात त्या उपचारांची चौकशी सुरू केली. एका क्लिनिकमध्ये नाडीलाही हात न लावता शॉकवेव्ह (ध्वनिलहरी), पीआरपी (रक्तातील प्लेटलेट्सची इंजेक्शने) आणि स्टेम सेल (मूळ पेशी) यांचे एकत्र पॅकेज पुढे ठेवण्यात आले; आजच आगाऊ रक्कम भरल्यास सवलतही होती. मी तेथून उठलो.

नंतर ज्या युरॉलॉजिस्टकडे गेलो, त्यांनी आधी पाच प्रश्नांची, २५ गुणांची प्रश्नावली भरून घेतली, मग एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी), सकाळचे टेस्टोस्टेरॉन (पुरुषी संप्रेरक) आणि पेनाइल डॉप्लर (लिंगातील रक्तप्रवाहाची सोनोग्राफी) करायला सांगितले. डॉप्लरसाठी इंजेक्शनने ताठरता आणतात व धमनीतील रक्ताचा वेग मोजतात. सुई फारशी दुखली नाही. थंड जेल लावून पडद्याआड निजून राहण्याचा संकोच मात्र पुरेपूर अनुभवला. रक्तपुरवठा कमी असल्याचे दिसताच डॉक्टरांनी हृदयाचीही तपासणी करून घेतली. लिंगाच्या धमन्या जेमतेम १ ते २ मिलिमीटरच्या, हृदयाच्या ३ ते ४ मिलिमीटरच्या. म्हणून चोंदण्याची पहिली खूण पुष्कळदा इथे दिसते, असे त्यांनी समजावले.

स्टेम सेलचा विषय त्यांनी लगेच मिटवला, कारण आयसीएमआर या देशाच्या वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार असा वापर मान्यताप्राप्त चाचणीबाहेर करता येत नाही. पीआरपीमध्ये आपलेच रक्त फिरवून प्लेटलेट्स वेगळ्या काढून टोचतात. अमेरिकेत २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत त्या इंजेक्शनचा गुण नुसत्या मिठाच्या पाण्याहून सरस ठरला नव्हता, त्यामुळे तेही गळाले. राहिली शॉकवेव्ह. तिच्या मंद ध्वनिलहरींनी नव्या सूक्ष्म रक्तवाहिन्या फुटतात अशी धारणा असली, तरी अमेरिकन युरॉलॉजिकल असोसिएशनने २०१८ मध्ये तिला संशोधनाधीनच ठरवले आहे, आणि ‘हा उपचार प्रायोगिक स्वरूपाचा आहे’ हे वाक्य संमतीपत्रावर मराठीत ठळक छापलेले होते. मला ते वाक्य आवडले.

सत्रांमध्ये भूल लागली नाही; टकटक आवाज आणि बारीक टोचल्यासारखी जाणीव, इतकेच. काही महिन्यांनी गोळी पुन्हा लागू पडू लागली, पण गोळीवाचून फारसा फरक नाही. याच काळात साखरही आटोक्यात आल्यामुळे श्रेय कुणाला द्यायचे, हे डॉक्टरांनाही ठामपणे सांगता येत नाही. पुढची सत्रे घ्यायची की नाही, ते आता एचबीएवनसीचा नवा अहवाल पाहून ठरेल.