न घेतलेल्या हाराचं बिल

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. युरोप टूरवर व्हर्सायचा राजवाडा बघून मंडळी कोचमध्ये बसली की कुणीतरी काका नाहीतर काकू हमखास विचारतात, "काय हो मॅडम, तो हिऱ्यांचा हार राणीनेच लाटला होता ना?" शेवटच्या त्या 'ना'मध्ये निकाल लागूनच गेलेला असतो. टूर मॅनेजरने फक्त मान डोलवायची.

तर नाही. सोळाव्या लुईची राणी मारी आंत्वानेत हिने तो हार घेतला नाही, मागवला नाही, गळ्यातही घातला नाही. उलट समोर आणून ठेवला तेव्हा नको म्हणून परत पाठवला. एवढं सांगितलं की समोरच्याचा चेहरा पडतो, आणि मग खरा प्रश्न येतो : "मग एवढा बोभाटा कशाचा?" त्याचं उत्तर पॅरिसच्या ट्रॅफिकमध्येसुद्धा पुरं होत नाही, म्हणून एकदाचं लिहून काढते.

आधी हाराचं. बोमर आणि बासांज या पॅरिसच्या सराफांनी तो घडवला तो पंधराव्या लुईवर डोळा ठेवून. आपल्या लाडक्या मादाम द्यु बारीसाठी म्हातारा राजा वाटेल ती किंमत मोजेल, असा हिशेब. 647 हिरे, वजन सुमारे 2,800 कॅरेट. गळ्यालगत टपोऱ्या हिऱ्यांची एक सर, तिच्याखाली झालरी, मग लोलक, मग लोंबते गोंडे. चित्रात पाहिला तर मला तो दागिना कमी आणि हत्तीची झूल जास्त वाटतो. 1774 मध्ये राजा देवीच्या रोगाने गेला आणि हार सराफांच्याच गळ्यात पडला. हिरे कर्ज काढून जमवलेले, व्याज चढत चाललेलं. नव्या राणीपुढे तो ठेवला तेव्हा ती म्हणाली, एवढ्या पैशांत एखादी युद्धनौका घेतलेली बरी. फ्रान्स त्या सुमारास अमेरिकेच्या बाजूने इंग्लंडशी लढायला उतरत होता. 1781 मध्ये राजपुत्र झाला, तेव्हा सराफ परत आले, परत नकार. बोमरने तिच्या पायावर लोळण घेतली, नदीत जीव देतो म्हणाला. राणीने सांगितलं, हार मोडा, हिरे सुटे विका आणि मोकळे व्हा. सल्ला अगदी व्यवहारी होता. बोमरने ऐकला असता तर हा लेख झाला नसता.

आता जान द ला मोत. अंगात राजघराण्याचं रक्त होतं ते खरंच : व्हालुआ वंशातल्या दुसऱ्या आँरी राजाच्या अनौरस मुलाची ही वंशज. पण घरात दारिद्र्य इतकं, की लहानपणी रस्त्यावर भीक मागितलेली. नवऱ्याने आपल्या नावाआधी परस्पर 'काउंट' लावून घेतलेलं. राणी आपली जिवाभावाची मैत्रीण आहे, अशी हवा तिने केली. राणीने तिला कधी पाहिलंही नव्हतं.

आणि तिच्या गळाला लागला कार्डिनल लुई द रोआँ. फ्रान्समधल्या अव्वल घराण्यांपैकी एकातला, दरबाराचा मुख्य धर्माधिकारी, वय पन्नास. व्हिएन्नात राजदूत असताना त्याने राणीच्या आईची, ऑस्ट्रियाची सम्राज्ञी मारिया तेरेसा हिची, पत्रातून टिंगल केली होती : ही बाई एका हातात रुमाल घेऊन पोलंडसाठी डोळे पुसते आणि दुसऱ्या हातात तलवार घेऊन त्याचे लचके तोडते. ते पत्र द्यु बारीच्या पंगतीत हसत हसत वाचलं गेलं. मुलगी राणी झाल्यावर विसरेल कशी? तिने अबोला धरला. कार्डिनलला व्हायचं होतं मुख्य मंत्री, आणि वाटेत आडवा येत होता तो हा अबोला. जानने ही दुखरी नस बरोबर पकडली.

मग 'राणीची पत्रं' येऊ लागली. लिहिणारा रेतो द व्हिलेत, जानचा साथीदार. कार्डिनल प्रत्यक्ष भेटीचा हट्ट धरून बसला, तेव्हा तिने भेटही घडवली. 1784 चा ऑगस्ट, रात्रीची वेळ, व्हर्सायच्या बागेतली 'व्हीनसची राई'. (आज तिला 'राणीची राई' म्हणतात, हा योगायोग मला दर वेळी गमतीचा वाटतो.) पॅरिसच्या पालै रोयालच्या आवारात ग्राहक शोधणारी निकोल नावाची एक तरुणी पांढरा मलमलीचा झगा घालून उभी केली. झग्याची निवडही अशीतशी नव्हती. तसाच झगा घातलेलं राणीचं चित्र आदल्याच वर्षी पॅरिसच्या प्रदर्शनात लागलं होतं, आणि राणीला आतल्या कपड्यांत काय रंगवता, अशी ओरड झाल्यामुळे ते उतरवावं लागलं होतं. निकोलने कार्डिनलच्या हातात गुलाब दिला, झालं गेलं विसरले अशा अर्थाचं काहीतरी पुटपुटली, तेवढ्यात "कुणीतरी येतंय" अशी हूल उठवून तिला पळवलं. बस. एवढ्यावर तो माणूस 16 लाख लिव्ह्रच्या (लिव्ह्र म्हणजे तेव्हाचं फ्रेंच चलन) व्यवहारात उतरला.

जानने त्याला सांगितलं : राणीला हार हवाय, पण उघडपणे घेता येत नाही, म्हणून तुम्ही मध्यस्थ व्हा. पैसे सहा-सहा महिन्यांच्या चार हप्त्यांत. कराराच्या कागदावर राणीची सही : 'मारी आंत्वानेत द फ्रान्स'. फ्रान्सच्या राण्या सहीत फक्त आपलं नाव लिहीत, पुढे काही नाही. सराफांना हे माहीत नसेल, समजू शकते. पण कार्डिनलची हयात दरबारात गेलेली! लोक राणीला भोळी नाहीतर लबाड ठरवण्यात एवढे रंगतात, की या गृहस्थाच्या अकलेचा हिशेब कुणी मागत नाही.

1 फेब्रुवारी 1785 ला हार कार्डिनलच्या ताब्यात आला आणि लगेच राणीचा नोकर म्हणवणाऱ्या माणसाच्या हाती गेला. पुढे काय झालं ते सांगायला नकोच. हिरे सुरीने उचकटून काढले. रेतो पॅरिसमध्ये इतक्या स्वस्तात हिरे विकू लागला की संशय येऊन एका व्यापाऱ्याने पोलिसांना कळवलं. पण चोरीची तक्रारच कुठे नव्हती, तेव्हा सोडून दिला. जानचा नवरा उरलेले हिरे घेऊन लंडनला गेला. जुलैमध्ये बोमरने राणीच्या हाती आभाराची चिठ्ठी दिली. तिला त्यातलं अक्षर कळलं नाही. तिने ती मेणबत्तीवर धरून जाळली. ऑगस्टचा पहिला हप्ता थकला, बोमर राणीच्या सखीकडे, मादाम कांपांकडे, आला, आणि भांडं फुटलं.

इथवर ही नुसती ठकबाजी होती. तिची राजकीय आपत्ती केली ती राजाने आणि राणीने मिळून, असं माझं मत आहे. 15 ऑगस्ट, मेरीमातेचा सण, सगळा दरबार मिसेसाठी जमलेला. कार्डिनल धर्मविधीच्या पूर्ण पोशाखात. त्याला राजाच्या खोलीत बोलावून जाब विचारला आणि बाहेर येताच सगळ्यांच्या देखत अटक केली. हे घडवून आणण्यात पुढाकार होता बॅरन द ब्रतय या मंत्र्याचा, आणि त्याचं आणि रोआँचं जुनं वैर. (अटकेच्या गडबडीत कार्डिनलने चिठ्ठी खरडून ती पत्रं जाळायची व्यवस्था केली, तेवढी एक हुशारी त्याने दाखवली.) प्रकरण बंद दाराआड मिटवता आलं असतं. पण आपण निर्दोष आहोत ना, मग जगासमोर होऊन जाऊ दे, असं राणीला वाटलं. राजाने कार्डिनलला निवड दिली : माझा न्याय घे, नाहीतर पॅरिसच्या पार्लमांचा, म्हणजे वरिष्ठ न्यायालयाचा. त्याने न्यायालय मागितलं.

आणि खटल्याचे कागद बाजारात आले. एरवी फ्रान्समध्ये छापील मजकुरावर सरकारी नजर असे, पण वकिलांच्या कैफियती त्यातून सुटत. त्यामुळे प्रत्येक आरोपीच्या वकिलाने आपल्या अशिलाची कहाणी रंगवून छापली, आणि लोकांनी ती कादंबरीच्या प्रकरणांसारखी विकत घेऊन वाचली. निकोलच्या कैफियतीवर तर उड्या पडल्या. रात्र, बाग, गुलाब, राणीच्या वेषातली बाई. मजकूर खोटा आहे असं कुणी म्हणत नव्हतं. पण रोज 'राणी' आणि 'बाजारबसवी' हे दोन शब्द एकाच ओळीत वाचले की डोक्यात काय उरणार?

आता या गोष्टीतली खरी मेख. सरकारी वकील जोली द फ्लरीने हार चोरल्याचा ठपका कार्डिनलवर ठेवलाच नव्हता. त्याची मागणी होती की राणी अपरात्री बागेत आपल्याला भेटेल असं मानण्याचं धाडस केलं, हाच गुन्हा. त्याबद्दल त्याने जाहीर माफी मागावी, पदं सोडावीत. म्हणजे न्यायाधीशांपुढचा प्रश्न हाराचा नव्हता. एखाद्या शहाण्या माणसाने राणीबद्दल असं मानणं शक्य आहे का, हा होता. 31 मे 1786 ला थोड्याशा मताधिक्याने निकाल लागला : कार्डिनल पूर्ण निर्दोष, माफीबिफी काही नाही. याचा सरळ अर्थ, ही राणी चोरून हिरे घेईल, परपुरुषाला रात्री भेटेल, असं कुणालाही वाटू शकतं. त्यात त्या बिचाऱ्याची काय चूक? राणी आरोपी नव्हती, साक्षीदार नव्हती, कोर्टात आलीही नव्हती. आणि तिच्याविरुद्ध निकाल लागला. आपल्याकडे चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात. इथे चोराला शिक्षा झाली, धर्मगुरू सुटला आणि फास घरी बसलेल्या तिसरीच्याच गळ्यात पडला.

कार्डिनलच्या नावाने लोकांनी जयजयकार केला. राजाने त्याला ओव्हेर्न्यच्या एका मठात धाडलं, तर तेही लोकांना सूडच वाटलं. जानला फटके बसले, 'चोरटी' या फ्रेंच शब्दाच्या आद्याक्षराचा डाग तापल्या लोखंडाने दिला, आणि साल्पेत्रिएर या पॅरिसमधल्या बायकांच्या तुरुंगात जन्मभर डांबायचं ठरलं. पुढच्याच वर्षी ती तिथून पळाली. राणीनेच पळवली, अशी वदंता. लंडनला जाऊन तिने आठवणी छापल्या, त्यात राणीला वाट्टेल ते चिकटवलं, आणि लोकांनी तेही वाचलं.

"पण धुराखाली आग असणारच," असं एक काका एकदा म्हणाले. आग होती, नाही कशाला म्हणू? राज्यावर आल्यावर सुरुवातीच्या वर्षांत राणीने हिरे घेतले, जुगार खेळली. 1776 मध्ये हिऱ्यांची बांगडीजोडी घेतली, अडीच लाख लिव्ह्रची, आणि आईने व्हिएन्नाहून पत्रातून कान उपटले. हीच बांगडीजोडी 2021 मध्ये जिनिव्हाच्या लिलावात 80 लाख डॉलरहून जास्त किमतीला गेली. म्हणजे खरोखर घेतलेल्या दागिन्याचं नाव एकाही प्रवाशाने मला कधी विचारलं नाही, आणि न घेतलेला हार सगळ्यांच्या तोंडी.

तरी देश काही तिच्या बांगड्यांनी बुडाला नव्हता. 1788 च्या सरकारी हिशेबात सगळ्या दरबाराचा खर्च एकूण खर्चाच्या 6 टक्क्यांच्या आसपास होता. निम्म्याच्या आसपास पैसा कर्ज आणि व्याजातच जात होता, आणि त्यातलं बरंच कर्ज अमेरिकेतल्या युद्धाचं. पण युद्धकर्जाचं व्यंगचित्र काढता येत नाही. बाईचं येतं, त्यातून परदेशी बाईचं. हाराच्या प्रकरणानंतर तिचं नाव पडलं 'मादाम डेफिसिट', तुटीची बाई.

1793 मध्ये क्रांतीच्या न्यायालयात ती उभी राहिली, तेव्हाही तिला ला मोतबद्दल विचारलंच. तिला मी कधी पाहिलं नाही, ती म्हणाली. हाराच्या प्रकरणात तुम्हीच तिचा बळी दिलात ना, असं विचारल्यावर म्हणाली, ओळखच नव्हती तर बळी कसा देणार? 16 ऑक्टोबरला तिला गिलोटिनखाली मारलं.

उरलेले प्रश्न भराभर. 'पाव नसेल तर केक खा' : तिने म्हटल्याचा पुरावा नाही. ही कथा रूसो या फ्रेंच लेखकाच्या लिखाणात एका 'थोर राजकन्ये'च्या नावावर येते, आणि तो ते लिहीत होता तेव्हा ही ऑस्ट्रियात बाहुल्या खेळत होती. ऑक्टोबर 2025 मध्ये लूव्हरमधून चोरीला गेले ते दागिने तिचे का : नाही, ते नंतरच्या राण्या-सम्राज्ञींचे. तेव्हा त्याच दालनात असलेला 'रीजंट' हिरा मात्र आपल्या आंध्रातल्या कोल्लूरच्या खाणीतला. तो तिच्या टोपीवर असायचा म्हणतात, आणि तो चोरांनी नेला नाही.

आणि तो 647 हिऱ्यांचा हार बघायला कुठे मिळेल? कुठेच नाही, तो सुटा होऊन बराचसा इंग्लंडात विकला गेला. काही हिरे आज अमुक तमुक दागिन्यांत आहेत असं सांगतात. लिलावात किंमत चढवायला ते सोयीचंही असतं. हुबेहूब नक्कल हवी असेल तर पॅरिसच्या नैर्ऋत्येला ब्रतय घराण्याचा वाडा आहे, म्हणजे ज्याने कार्डिनलला पकडून दिलं त्याच मंत्र्याचं घराणं. आमच्या ग्रुप टूरच्या कार्यक्रमात तो बसत नाही, तेव्हा पॅरिसमधला मोकळा दिवस शॉपिंगला न घालवता गाडी करून जा.