बॉनेटवर उडालेला प्रायमर: क्ले बारच्या कामाची प्रगती

गाडीच्या फेंडरच्या (चाकावरच्या पत्र्याच्या) दुरुस्तीच्या वेळी उडालेला करडा प्रायमर (रंगाआधी मारायचा थर) बॉनेटच्या आणि छताच्या चांगल्या रंगावर बसला होता. त्यापैकी बॉनेट आता जवळजवळ स्वच्छ झाले असून छताचे काम निम्म्यावर आले आहे. डोळ्यांना हा थर केवळ चमक मंदावल्यासारखा दिसतो, पण हातावर पातळ प्लास्टिकची पिशवी चढवून पत्र्यावरून बोटे फिरवली की त्याची खरखर लगेच कळते. पुसून झाल्यावरची तपासणीही मी याच पद्धतीने करतो.

जे कण हवेतच अर्धवट वाळून खाली आले, ते रंगावर नुसते टेकलेले असतात. फेंडरलगतच्या पट्ट्यात मात्र ते ओले असतानाच पडल्यामुळे घट्ट चिकटले आहेत. तीव्र थिनर मी बाजूलाच ठेवला. कंपनीत भट्टीत पक्का झालेला रंग त्यापुढे थोडा वेळ टिकेलही, परंतु नंतर मारलेला रंग मऊ पडू शकतो. शिवाय हार्डनर (थर पक्का करणारे द्रव्य) घातलेला प्रायमर एकदा पुरता पक्का झाला की थिनरला सहसा दाद देत नाही, म्हणजे धोका पत्करूनही पदरात काही पडत नाही.

गाडी धुऊन, पत्रा सावलीत थंड झाल्यावर, छोट्या भागावर वंगणाचा भरपूर फवारा मारून क्ले बार (रंगावर चिकटलेले कण उचलणारी मऊ, मातीसारखी वडी) सरळ रेषेत, अगदी हलक्या हाताने फिरवला. सुरुवातीला तो अडखळतो आणि घासल्याचा आवाज येतो. कण निघून गेले की तो आवाज थांबून क्ले सहज सरकू लागतो. करडी झालेली बाजू आत दुमडून दर वेळी नवी बाजू वर घ्यावी, आणि क्ले जमिनीवर पडला तर जिवावर दगड ठेवून फेकून द्यावा, कारण त्यात रुतलेली कच ओरखडे पाडते.

फेंडरलगतचा पट्टा अजून बाकी आहे. तेथे कंपाउंड (रंग बारीक घासणारी पेस्ट) लावून पाहीन. पॉलिश पेपर शेवटचा पर्याय, कारण क्लिअर कोटची (रंगावरच्या पारदर्शक थराची) जाडी साधारण ४० ते ५० मायक्रॉनच असते आणि कडांवर ती आणखी कमी भरते. हेडलाइटची काच प्रत्यक्षात पॉलिकार्बोनेटची असल्याने तिला सॉल्व्हंट लावणार नाही, तेथेही क्लेच वापरेन. क्लेने पडलेल्या बारीक रेषा पॉलिशने काढल्यावरच वॅक्स लावायचे आहे.