लाल उजेड

जुलैचा दुसरा आठवडा होता आणि धायरीत सकाळपासून पाऊस धरलेला. सदाशिव पेठेतले एक काका जर्मन सेदान घेऊन गॅरेजवर आले. गाडी मुलाची. मुलगा नोकरीसाठी परदेशात, तेव्हा चालवायची आणि सांभाळायची जबाबदारी काकांवर. गाडीतला स्क्रीन बंद होता. चावी दिली की कंपनीचा लोगो यायचा, मग काळोख, परत लोगो, परत काळोख. रेडिओ, फोन, नॅव्हिगेशन, मागचा कॅमेरा, काहीच चालत नव्हतं.

"कॅमेऱ्याशिवाय आमच्या बोळात गाडी मागे घेता येत नाही रे. दोन्ही बाजूंना वीत वीत जागा आहे," काका म्हणाले. मग त्यांनी प्लॅस्टिकच्या पिशवीतून एस्टिमेट काढलं. एका मोठ्या सर्व्हिस सेंटरचं होतं ते. हेड युनिट, म्हणजे स्क्रीन चालवणारा मुख्य डबा, बदलायचं, सव्वादोन लाख. त्या कागदावर तपासणीचं एकही माप नव्हतं. कुठला व्होल्टेज बघितला, कुठली वायर मोजली, काही नाही. मला याचा फार राग येतो. न मोजता माणसाला लाखाच्या खर्चात घालणं मला पटत नाही.

सुरुवात नेहमीसारखी बॅटरीपासून केली. १२.५ व्होल्ट, म्हणजे ठीक. हेड युनिटचे फ्यूज शाबूत, अर्थिंगही चांगलं. स्कॅनर लावला तर एकच महत्त्वाचा फॉल्ट दिसला: ऑप्टिकल रिंग तुटलेली.

इथे थोडं सांगायला हवं. या गाड्यांत हेड युनिट, अॅम्प्लिफायर, ट्यूनर, नॅव्हिगेशन असे डबे तांब्याच्या वायरने एकमेकांशी बोलत नाहीत. त्यांच्यामध्ये एक मिलिमीटर जाडीची प्लॅस्टिकची फायबर असते आणि तिच्यातून लाल प्रकाश धावतो. या पद्धतीला मोस्ट म्हणतात. २००१ च्या सुमारास ती महागड्या युरोपियन गाड्यांत यायला लागली. स्लॅब टाकताना घमेली कशी हातोहात पुढे जातात, तसं आहे हे. प्रत्येक डबा मागच्याकडून प्रकाश घेतो आणि पुढच्याला देतो, शेवटी तो हेड युनिटकडे परत येतो. मधला एक गडी खाली बसला की अख्खी रांग थांबते. आणि गिऱ्हाइकाला दिसतो फक्त स्क्रीन, म्हणून दोष त्याच्याच माथी जातो.

हेड युनिटचा प्लग काढला. गॅरेजचं शटर अर्धं खाली ओढलं, गॅरेजमधल्या पोऱ्याला, सोन्याला, चावी द्यायला सांगितलं आणि वाकून बघितलं. युनिटच्या एका भोकात स्वच्छ लाल ठिपका पेटला. म्हणजे हेड युनिट आपलं काम करत होतं. परत येणारी फायबर मात्र अंधारी होती. "काका, तुमचं हेड युनिट जिवंत आहे. प्रकाश पुढे कुठेतरी अडतोय," मी म्हणालो. काका स्वतः वाकले, चश्मा वर करून तो ठिपका बघितला आणि बराच वेळ बघत राहिले.

आता एकेक डबा उघडत बसायचं की काय, या विचारात होतो. तेवढ्यात काकांनी डायरी काढली. गाडीत पेट्रोल कधी भरलं, हवा कधी भरली, सगळं तारखेनिशी लिहिलेलं. स्क्रीन बंद पडल्याच्या आदल्या दिवशीची नोंद त्यांनी वाचून दाखवली: "ताम्हिणी. मुसळधार. गाडी चढावर, तोंड वर करून, तीन तास उभी."

तोंड वर म्हणजे पाणी मागे जाणार. मी सरळ डिकी उघडली. वरचं कार्पेट कोरडं होतं, पण डावीकडच्या ट्रिममागे, म्हणजे आतल्या आवरणामागे, हात घातला तर बोटं ओली झाली. त्या खोलगट कोपऱ्यात दोन बोटं पाणी साचलेलं, आणि तिथेच अॅम्प्लिफायर बसवलेला. वर टेललॅम्पच्या गॅस्केटला, म्हणजे पाणी अडवणाऱ्या पट्टीला, एका बाजूने चीर गेली होती.

अॅम्प्लिफायरचा प्लग काढला. येणारी फायबर लाल उजळलेली. प्लगवर १२.४ व्होल्ट पोचत होते. डब्यातून बाहेर मात्र प्रकाश नाही. म्हणजे खाली बसलेला गडी हाच. अशा वेळेसाठी माझ्याकडे एक छोटा लूप असतो, येणारी फायबर जाणाऱ्या फायबरला थेट जोडणारा. तो लावला आणि पुढे येऊन चावी दिली. लोगो आला, गेला नाही, मेन्यू उघडला. गिअर रिव्हर्सला टाकला तर स्क्रीनवर गॅरेजसमोरचा ओला रस्ता. काकांनी माझ्या पाठीवर हात ठेवला, बोलले काहीच नाहीत.

आवाज अर्थातच नव्हता, तो तर अॅम्प्लिफायरच देतो. डबा उघडला तर बोर्डाच्या एका कडेला हिरवा थर चढलेला. आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल) आणि मऊ टूथब्रशने तो हळूहळू काढला, आणि खाली पाच व्होल्ट बनवणाऱ्या रेग्युलेटरचा एक पाय पार खाल्लेला निघाला. प्रकाश घेणाऱ्या आणि देणाऱ्या भागाला सप्लाय तिथूनच होता. सोन्याला पार्टचा नंबर लिहून तापकीर गल्लीतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात पाठवला. पावसात सिंहगड रोडवरून जाऊन यायला त्याला अडीच तास लागले. तोवर बोर्ड मंद गरम हवेवर वाळवला. फायबरही पुन्हा नीट बांधली, कारण पंचवीस मिलिमीटरपेक्षा कमी त्रिज्येत ती वळवली तर प्रकाश गळतो. पूर्वी कुणीतरी ती केबल-टायखाली आवळून ठेवली होती.

रेग्युलेटर बसवला, बोर्डावर ओल न धरणारं कोटिंग मारलं, लूप काढून अॅम्प्लिफायर जोडला. संध्याकाळी साडेसहाला विविध भारती लागलं, चारही दारांतून. काकांना मी स्पष्ट सांगितलं, "पाणी लागलेला बोर्ड आहे, मी सहा महिन्यांचीच गॅरंटी देतो." ते म्हणाले, "चालेल. खरं सांगितलंस, हे महत्त्वाचं."

नवं गॅस्केट बसवून टेललॅम्पवर पंधरा मिनिटं पाइपने पाणी मारलं. ट्रिममागे टिश्यू पेपर लावून ठेवले होते, ते कोरडे निघाले. काकांनी तेही हातात घेऊन तपासले. मग डायरी मांडीवर घेतली आणि पेनाचं टोपण काढून म्हणाले, "आता पाणी कुठून शिरलं, कुठे साचलं, ते सावकाश सांग. मुलाला कळवायचंय." मी सांगत गेलो, ते लिहीत गेले. जुनं चिरलेलं गॅस्केट त्यांनी वर्तमानपत्रात गुंडाळून बरोबर नेलं.